घरधन्यांनो, हरायला शिका!

पत्त्यांच्या कॅटाइतकी बदनाम वस्तू मराठी घरात दुसरी सापडायची नाही. तंबाखूची चंची राजरोस कोनाड्यात बसते, अडकित्ता तर बैठकीत मानाने मिरवतो. पण पत्ते मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली, फरारी गुन्हेगारासारखे दडून असतात. वर्षाकाठी दिवाळीच्या चार दिवसांत पुण्यामुंबईची मंडळी गावी आली म्हणजे एखादे धीट पोर ते बाहेर काढते, सतरंजी पसरते, पाने पिसायला लागते, आणि तेवढ्यात ओसरीवरून ठरलेला आवाज येतो, "आवरा ती पानं! लक्ष्मी घरात यायच्या दिवसांत जुगार मांडता?"

माझे भांडण या आवाजाशी आहे. हा आवाज मी आमच्या बावड्यात ऐकला, इंदापुरात ऐकला आणि बारामतीच्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही ऐकला. तो काढणारी माणसे वाईट नसतात. बहुधा ती घरातली सर्वांत कष्टाळू, सर्वांत जबाबदार माणसे असतात. त्यांना मनापासून वाटते की आपण घर राखतो आहोत. पण वाचकहो, निदानच चुकले तर औषधाचा काय उपयोग? माझे स्पष्ट म्हणणे असे आहे, की घरातल्या पत्त्यांची भीती आम्हांला जुगारामुळे वाटत नाही. जुगार हे सांगायचे कारण झाले. खरी भीती वाटते ती बरोबरीची.

पाने वाटताना पाहा. सासऱ्याला दहा, सुनेलाही दहा. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला एक पान जास्त मिळत नाही, आणि जी परवाच माप ओलांडून आली तिला एक कमी मिळत नाही. उतारी ज्याची असेल त्याची. वयाने थोरला म्हणून कोणी आधी पान टाकू शकत नाही. त्यातून हुकमाचा नियम तर भलताच क्रांतिकारक. कॅटात राजा आहे, राणी आहे, गुलाम आहे, सारे कसे जगरहाटीप्रमाणे पायरीपायरीने बसलेले. पण हुकूम बदामाचा ठरला की बदामाची दुर्री इस्पिकच्या राजाला खाली लोळवते. जिथे मुलाने बापासमोर खुर्चीवर बसावे की नाही याचाही विचार होतो, तिथे आठ वर्षांचे पोर आजोबांना झब्बू देते आणि आजोबांना निमूटपणे सगळी पाने उचलावी लागतात! ओसरीवरचा आवाज घाबरतो तो यालाच.

आता आक्षेपांचा एकेक समाचार घेऊ. पहिला आक्षेप महाभारताचा. पत्त्यांचा विषय निघाला की कोणीतरी धर्मराजाचे नाव काढतोच. द्यूतापायी राज्य गेले, भाऊ गेले, भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली, तेव्हा खेळ नकोच! हे सांगणाऱ्यांनी सभापर्व नीट वाचलेले नसते. त्या सभेत काय काय चालले होते? दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकत होता, म्हणजे पण एकाचा आणि हात दुसऱ्याचा. प्रत्येक डावावर धन लावलेले होते. भीष्मद्रोणांसारखी वडीलधारी मंडळी भोवती बसून मुकाट पाहत होती. आणि या सगळ्या शूर, शहाण्या पुरुषांत खेळाचा नियम विचारणारी व्यक्ती निघाली एकच. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला हरला, हा प्रश्न द्रौपदीचा. नियम तिला ठाऊक होता. पण तिला कोणी पटावर बसवले नव्हते, तिला पटावर लावले होते. महाभारताचा बोध काढायचाच तर हा काढा, की ज्या खेळात घरची बाई खेळाडू नसते, त्या खेळात ती पणाची वस्तू होण्याचा धोका असतो.

आणि पुढे काय झाले? वनवासात गेलेल्या धर्मराजाने फाशांना शिव्याशाप देत दिवस काढले नाहीत. बृहदश्व ऋषींनी त्याला नळराजाची कथा सांगितली आणि अक्षविद्या शिकवली. अज्ञातवासात तर तो कंक नाव घेऊन विराटाच्या दरबारी फासे खेळणारा म्हणूनच राहिला. व्यासांनी आपल्या नायकाला खेळापासून पळवले नाही, खेळ शिकवला. आम्ही मात्र व्यासांपेक्षा शहाणे!

त्याहून जुना पुरावा ऋग्वेदाचा आहे. दहाव्या मंडलातले 34 वे सूक्त म्हणजे एका जुगाऱ्याचे रडगाणे. बेहड्याच्या बियांचे फासे, त्यांची ओढ, दुरावलेली बायको, तोंड फिरवणारी सासू, दुसऱ्यांची नांदती घरे पाहून होणारी तगमग, सारे त्यात आहे. शेवटी देव त्याला सांगतो की फासे सोड, आपले शेत कस. आमच्यासारख्या ऊस लावणाऱ्या मुलखाला हा उपदेश फार आवडावा असा आहे, आणि तो मला मान्यही आहे. पण तो अभागी खेळत कुठे होता? घरी बायकोपोरांत नव्हे. तो सभेत जात होता, परक्यांत बसत होता, आणि घर लांबून पाहून रडत होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवीला जे दिसले ते आम्हांला अजून दिसू नये?

जरा आपापल्या गावाबाहेर फेरी मारून या. ऊस गेलेला असतो, बिल यायचे असते, हाताला काम नसते. कुठे बांधावरच्या लिंबाखाली, कुठे बंद पडलेल्या इंजिनाच्या खोपीत घोळका बसलेला दिसतो. तिथे बाई नसते, पोर नसते, "आता पुरे, जेवायला उठा" म्हणणारे म्हातारे माणूस नसते. आणि तिथे नोटा असतात. असे का होते? घरातून हाकललेला खेळ मरत नाही, तो गावाबाहेर जातो. खेळाला गोडी माणसांनी येते; भांडणारी, हसणारी, चिडवणारी आपली माणसे त्यातून वगळली की तीच गोडी पैशाने आणावी लागते. ज्या घरधन्याने सतरंजीवरची पाने आवरायला लावली, त्यानेच त्या खोपीची वाट आपल्या पोराला दाखवून दिली, असे मी म्हटले तर राग मानू नका. मानलात तरी मी ते म्हणणारच.

कायद्यालाही हा भेद समजतो. 1887 साली मुंबई इलाख्यासाठी जुगारबंदीचा कायदा झाला, त्यातसुद्धा निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका खटल्यात सांगितले, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा केवळ नशिबाचा नव्हे. कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, हातातली पाने जुळवावी लागतात. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा तर कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला. पैसा लावला की बंदी. म्हणजे विष पानांत नाही, पानांखाली ठेवलेल्या नोटेत आहे. न्यायाधीशांना कळले, खासदारांना कळले. ओसरीवर अजून बातमी पोचायची आहे.

तो कायदा कशामुळे करावा लागला, तेही आठवा. ज्या घरांत दिवाळीला पत्ते नको होते, त्याच घरांतला नातू रात्री गोधडी डोक्यावर घेऊन फोनवर पाने लावत होता. समोर कोण आहे ठाऊक नाही, तोंड दिसत नाही, आवाज येत नाही. बापाला वाटते पोर झोपले. पाने घरात येऊ दिली नाहीत म्हणता? ती तर उशाशी येऊन निजली होती. नव्हती ती फक्त घरातली माणसे.

दुसरा आक्षेप धर्माचा. लक्ष्मी यायच्या दिवसांत खेळ कसा मांडावा? मोठी गंमत आहे! लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी जो पाडवा येतो, त्या बलिप्रतिपदेचे आपल्या शास्त्रात दुसरे नावच मुळी द्यूतप्रतिपदा आहे. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांच्या खेळात हरवले, अशी कथा पुराणे सांगतात. वेरूळला गेलात तर कैलास पाहून परत फिरू नका. एकविसाव्या, म्हणजे रामेश्वराच्या लेण्यात आणि एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्यात शिवपार्वती फासे खेळत बसलेले कोरून ठेवले आहेत. ज्या शिल्पकारांनी रावणाला कैलास हलवताना कोरले, त्यांना नवराबायकोचा घरगुती डावही तितकाच दगडात धरून ठेवण्याजोगा वाटला. जगाचा संहार करणारा देव बायकोपुढे सारीपाट मांडून बसतो आणि हरतो, आणि त्यामुळे त्याचे देवपण तिळभर उणे होत नाही. चार एकर बागायतीच्या मालकाचे मात्र होते!

लांब कशाला, आमच्या पुणे जिल्ह्याचा आणि अवघ्या बहुजनांचा देव जेजुरीचा. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळतात हे वाघ्यामुरळी पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. हरेल त्याने बारा वर्षे वनवासात जायचे असा पण लागला, देव हरला आणि धनगरवाड्यावर बाणाईकडे चाकरीला जाऊन राहिला. देव मुद्दाम हरला, असेही सांगणारे सांगतात. तसले मुद्दाम हरणे आमच्या कामाचे नाही, त्याचा हेतू काय होता ते म्हाळसेला चांगलेच कळले असेल! पण एवढे तरी कबूल करा, की ज्या देवाचा भंडारा आपण कपाळी लावतो, त्याच्या घरात पट मांडलेला होता आणि पटासमोर घरची लक्ष्मी बसलेली होती.

आपल्या लग्नांतसुद्धा हा धागा अजून तुटलेला नाही. हळदीच्या अंगाने नवरानवरीला समोरासमोर बसवतात, मुठीतली सुपारी सोडवायला लावतात, पाण्यातली अंगठी शोधायला लावतात. नवरी जिंकली की सारा मांडव टाळ्या पिटतो. म्हणजे बाईने जिंकावे हे आपल्याला एक दिवस चालते. दुसऱ्या दिवसापासून तिने चहाचे कप धरून दारात उभे राहायचे.

आता मी ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली तिच्याकडे येतो. जी थोडी घरे दिवाळीत पत्ते खेळतात, त्या घरांतले दृश्य आठवा. सतरंजीवर कोण बसलेले असते? भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे, जावई, पोरे. आणि घरातल्या बाया? एक चकल्या तळते आहे, एक भांडी विसळते आहे, एक "झाला का च्या?" या प्रश्नाला उत्तर देते आहे. एखाद्या वेळी चौथा गडी कमी पडतो म्हणून थोरल्या सुनेला हाक येते. ती हात पुसत येते, एक डाव खेळते, आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याची वर्दी येते. "वहिनी, तुमचा हात मी खेळतो, तुम्ही जा." तिची पाने दुसऱ्याच्या हातात जातात. तिला कोणी हाकलले असे नाही, फक्त तिचा हात तिच्या हातात राहू दिला नाही.

आणि हीच बाई नीट बसली तर काय होते तेही पाहा. वर्षभर कोणत्या डब्यात किती गूळ उरला, कोणाचे किती देणे, कोणत्या पाहुण्याने कोणत्या लग्नात काय आहेर केला, हे सारे जिने वहीशिवाय लक्षात ठेवले, तिला किलवरची कोणती पाने पडली आणि कोणती यायची राहिली हे लक्षात ठेवणे म्हणजे पोरखेळ. मेंढीकोटात ती दश्शी अशी दडवून ठेवते, की समोरच्या जोडीदाराखेरीज कोणाला वास लागत नाही. चॅलेंजच्या खेळात तर आणखी मौज. पाने पालथी टाकत सासरे म्हणतात, "तीन राजे." सून डोळ्याला डोळा देऊन म्हणते, "मामा, चॅलेंज!" पाने उलटतात आणि एक राजा, दोन तिर्र्‍या निघतात. सुनेने सासऱ्याला तोंडावर "तुम्ही खोटे बोलता" असे म्हणावे आणि सगळ्या घराने, सासऱ्यासकट, खदखदून हसावे, अशी दुसरी जागा आपल्या घरात कुठे आहे? दाखवा मला!

पाच-तीन-दोन हा तर साधा तीन गड्यांचा खेळ. तीस पाने, दहा-दहा वाटायची. पण त्याचा कायदा पाहा. ज्याने हुकूम बोलायचा, त्याने पाच हात करायचे. बाकीच्यांनी तीन आणि दोन. अधिकार ज्याचा मोठा, त्याचे देणेही मोठे. ते फिटले नाही तर पुढच्या डावात दुसऱ्याने त्याच्या हातातले पान ओढायचे. आणि हुकूम बोलण्याची पाळी डावागणिक फिरत राहते. आमच्या घरात हुकूम बोलणारा जन्मभर एकच, आणि त्याने पाचांतले किती हात केले हे विचारायची सोय नाही. विचारले की त्याला उलट उत्तर म्हणतात. मी शाळामास्तर आहे; नागरिकशास्त्राची पुस्तके शिकवतो. पण हक्काबरोबर कर्तव्य येते हा धडा पोरांच्या डोक्यात शिरवायला त्या तीस पानांइतके चांगले पुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही.

इथे दुसऱ्या पक्षाचे लोक पुढे सरसावतील. हे पक्के आधुनिक पालक. त्यांना जुगाराची भीती नाही, त्यांना वेळेची भीती. "गुरुजी, खेळून मिळणार काय? खेळायचेच तर बुद्धीचे काहीतरी खेळावे." असे म्हणून ते पोराला बुद्धिबळाच्या क्लासला घालतात. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातल्या बाटुमी शहरात, अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. मराठी मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण या पालकांना मी एकच विचारतो. पोराला क्लासला सोडून तुम्ही बाहेर मोटारसायकलवर बसून फोन चाळता. घरी पट मांडून त्याच्यासमोर का बसत नाही? उत्तर मी सांगतो. महिनाभरात पोर तुम्हांला हरवील म्हणून! फी भरणे सोपे, मात खाणे अवघड.

शिवाय प्रत्येक गोष्टीतून काही मिळालेच पाहिजे, हा कुठला वाण्याचा हिशेब? पत्त्यांनी गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते, असे सांगून मलाही या मंडळींना वश करता आले असते. मी ते करणार नाही. आजीच्या कुशीत झोपल्याने मुलाची झोप सुधारते म्हणून का आपण त्याला आजीपाशी निजवतो? बापाने मुलीबरोबर तासभर बदाम सात खेळला, एवढेच त्यातून मिळायचे. आणि ज्याला तेवढे कमी वाटते त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

तिसरा पक्ष फोनवाल्यांचा. "खेळतो की आम्ही, फोनवर लूडो!" 2020 च्या टाळेबंदीत या लूडोने पुष्कळांचे दिवस काढून दिले, हे मी नाकारत नाही. लूडो तरी कोणाचा? आपल्याच पचिसीचा; 1896 साली इंग्रजांनी त्याला सुटसुटीत करून पेटंट घेतले आणि आपला पट आपल्यालाच नव्या नावाने विकला. सापशिडीचेही तसेच. आपला मोक्षपट, ज्याचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरमाउलींना देते, त्यातल्या पापपुण्याच्या घरांतली पापपुण्ये पुसली गेली, नुसते साप आणि शिड्या उरल्या. ते असो. माझी फोनच्या लूडोबद्दलची तक्रार वेगळी आहे. तिथे फासा यंत्र टाकते, सोंगटी यंत्र मोजते, चुकीच्या घरात सोंगटी जाऊच शकत नाही. यंत्र लबाडी करू देत नाही, म्हणूनच ते प्रामाणिक राहण्याची संधीही देत नाही. खऱ्या पटावर चार पडले असताना पाच घरे मोजायचा मोह होतो, बहीण हात धरते, भांडण होते, आजी साक्ष देते, आणि शेवटी पोर स्वतःच सोंगटी एक घर मागे घेते. हे मागे घेणे फार मोलाचे. कोणी न पाहता सुद्धा जे मूल सोंगटी मागे घेते, त्याच्या हाती उद्या सोसायटीचे दप्तर द्यायला हरकत नाही.

सोसायटीचा विषय निघालाच आहे, तर मनातले सारेच बोलतो. आमच्या भागात हरणे कोणाला येत नाही. सोसायटीच्या निवडणुकीत एका मताने पडलेला माणूस पाच वर्षे समोरच्याच्या दारावरून जात नाही, लग्नाची पत्रिका स्वीकारत नाही, मयतीला सुद्धा लांबून हात जोडतो. सख्ख्या भावांचे बांधाचे खटले पाहा. फूटभर जमिनीसाठी तारखांवर तारखा, जमिनीच्या किमतीहून वकिलाची फी जास्त, आणि बाप मेला तरी मुले तोच खटला पुढे ओढतात. फुटाची किंमत त्यांना कळत नाही असे थोडेच आहे? पण "जा, हा हात तुझा" असे म्हणण्याची सवय त्यांच्या जिभेला लहानपणी कधी लागलीच नाही. हरलो म्हणजे मेलो, एवढेच त्यांनी घरात पाहिले. कारण घरातला कर्ता पुरुष कधी हरताना दिसलाच नाही. झब्बूत शेवटी पाने अंगावर राहिलेला पोरगा दोन मिनिटे रुसतो, मग तोच पाने पिसून पुन्हा वाटायला घेतो. हरल्यावर पुन्हा पिसून वाटायचे असते, हे ज्याला दहाव्या वर्षी समजले, तो चाळिसाव्या वर्षी भावाच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा राहील असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे पाश्चात्य समतेचे खूळ आहे, आपली संस्कृती थोरामोठ्यांचा मान राखणारी. मान राखावा, जरूर राखावा. पण दर आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाताना आमच्या बावड्यावरून जाते, तेव्हा मी काय पाहतो? साठीची म्हातारी आणि विशीची पोर हातात हात गुंफून फुगडी घालतात. पागोटेवाला पाटील आणि त्याचा सालगडी समोरासमोर उड्या मारतात आणि मग एकमेकांच्या पाया पडतात. खेळ झाला म्हणून मान गेला नाही, उलट दोन्ही बाजूंनी वाढला. खुद्द तुकोबांनी विटीदांडू, हुतुतू, टिपरी, फुगडी अशा पोराबाळांच्या खेळांवर अभंग रचले. ज्यांना संस्कृतीचा कळवळा आहे त्यांनी आधी हे वारीतले रिंगण पाहावे आणि मग माझ्या सतरंजीला नावे ठेवावीत.

संस्कृतीच्या नावाने आपण करतो काय? ती काचेच्या कपाटात ठेवतो. सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. गोल, लाखेच्या रंगाने रंगवलेली, हाताने काढलेली पाने. दशावताराचे दहा रंग, एकेका रंगाची बारा, अशी एकूण 120 पाने. ही कला मरणपंथाला लागली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राणी सत्वशीलादेवींनी, राजवाड्यात कारागीर बसवून ती जगवली. त्यांचे उपकार मोठे. पण आज ती पाने लोक भिंतीवर लावतात, पाहुण्यांना भेट देतात, खेळतात किती? दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची आणि दिवे लागल्यावर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने, असा सुंदर नियम त्या खेळात आहे. आणि दहांतल्या पाच रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा! लहानमोठेपण जन्माचे नसते, रंगाप्रमाणे पालटते, हे ज्या पूर्वजांनी खेळात घालून ठेवले, त्यांचे वंशज आम्ही पानांची चित्रे जपतो आणि खेळ टाकून देतो.

म्हणून यंदाच्या पाडव्याला काय करावे ते सांगून लेखणी थांबवतो. संध्याकाळी ओवाळून झाले, ओवाळणी पडली, की सतरंजी टाका. साऱ्यांचे फोन एका पितळी डब्यात घालून झाकण लावा. पैसा नको, नाणे सुद्धा नको. चिंचोके चालतील, कवड्या चालतील. पहिला हात घरातल्या बाईला वाटा, आणि दूध उतू गेले तर तिच्याऐवजी दुसऱ्याने उठावे. पोरांशी खेळताना मुद्दाम हरू नका. ते त्यांना कळते आणि लागतेही. झटून खेळा आणि मग खरेखुरे हरा. भांडण झाले तर होऊ द्या, फक्त ते सतरंजी गुंडाळताना आतच गुंडाळा. आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की डाव ज्याच्यावर बसेल त्याने सर्वांसाठी चहा करायचा आणि कपबशा विसळायच्या. मग तो घरातला सर्वांत थोरला पुरुष का असेना.

चहा कडू होईल. घरधन्याने केलेला पहिला चहा कडूच होतो. दुसऱ्या तिसऱ्या डावापर्यंत साखरेचा डबा कुठे असतो तेही त्याला कळू लागते.